राजाचे कर्ज आणि खोताचे कूळ

'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सांगा' हा प्रश्न आमच्या परीक्षांत वर्षानुवर्षे येत आला आहे, आणि त्याचे उत्तरही ठरून गेले आहे. समाज तीन श्रेणींत विभागला होता. वरच्या दोन श्रेणींना करांत सवलती होत्या, सारा भार तिसरीवर होता. राजाचा खजिना रिकामा झाला होता. पाव महागला होता. विचारवंतांनी लोकांना जागे केले. म्हणून क्रांती झाली. हेच उत्तर लिहून मी पदवी घेतली आणि आता रत्नागिरीत वर्गापुढे उभा राहून हेच शिकवतो. एकदा मंडणगडकडच्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, एवढं सगळं तर आपल्याकडेपण होतं. मग आपल्याकडं का नाय झाली?" वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. कारण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मार्गदर्शकांतही नव्हते.

पुढे लक्षात आले की कोकणच्या मातीवर उभे राहून फ्रान्सकडे बोट दाखवण्याचे काम फार पूर्वी झाले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या भाषणाचा मोठा भाग फ्रान्सवर खर्च केला. आपल्या या सभेला तोड शोधायची तर फ्रान्सच्या इतिहासातच शोधावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. सोळाव्या लुईने २४ जानेवारी १७८९ रोजी प्रतिनिधींची सभा बोलावली, ती ५ मे रोजी व्हर्सायला भरली, आणि महाडची सभा त्याच जातीची आहे, असे ते चवदार तळ्याचे पाणी नाकारल्या गेलेल्या माणसांना सांगत होते. समोर बसलेल्यांत अनेकांना अक्षरओळख नसेल. तरीही त्यांनी व्हर्साय टाळले नाही. श्रोत्यांना कमी लेखणारा वक्ता असे बोलत नाही.

आमच्या लेखकांनी या भाषणाचे काय केले? प्रस्थापित मराठी इतिहासलेखनाने महाडची नोंद पाण्याचा प्रश्न म्हणून केली आणि मनुस्मृतिदहनाची नोंद प्रक्षोभ म्हणून. आमच्या बाजूच्या वक्त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द उचलले आणि जयंतीच्या फलकावर लावले. डाव्या मित्रांना त्यात वर्गलढ्याची सुरुवात दिसली. पण ते भाषण एक संहिता म्हणून, ओळ न् ओळ ताडून, फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. तसे वाचले की एका जागी थांबावे लागते. फ्रान्समध्येही ब्राह्मणांसारखा एक वर्ग होता, क्षत्रियांसारखा दुसरा होता, हे सांगून बाबासाहेब पुढे म्हणतात की आपल्याकडचे वैश्य, शूद्र आणि अतिशूद्र हे जे तीन वेगळे आहेत ते तिथे एकाच वर्गात सामावलेले होते. आणि हा फरक ते किरकोळ मानतात, महत्त्वाचे साम्य विषमतेचे आहे असे सांगून पुढे जातात.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा फरक किरकोळ नव्हता. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या फरकात आहे. आणि हे मी बाबासाहेबांच्या विरोधात म्हणत नाही. महाडनंतरचे त्यांचे सारे आयुष्य त्या एका वाक्याची दुरुस्ती करण्यात गेले, असे मला दिसते.

प्रथम फ्रान्सचा हिशेब नीट मांडला पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकांत राजाच्या उधळपट्टीवर आणि राणीच्या दागिन्यांवर फार भर असतो. खरे कर्ज दागिन्यांचे नव्हते, युद्धांचे होते. इंग्लंडला शह देण्यासाठी फ्रान्सने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला. तो आकडा शंभर कोटी लिव्रच्या वर गेला, आणि तो बहुतेक कर्ज काढून उभा केला होता. १७८१ साली नेकेर या अर्थप्रमुखाने जमाखर्च छापून प्रसिद्ध केला आणि त्यात एक कोटी लिव्रची शिल्लक दाखवली. युद्धाचा खर्च त्याने वेगळा ठेवला होता. १७८६ मध्ये त्याच्या जागी बसलेल्या कालोनने राजाला खरे सांगितले. १७८८ चा अंदाज असा होता : जमा सुमारे ५० कोटी ३० लाख, खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख, आणि त्या खर्चातला निम्मा, म्हणजे जवळजवळ ३२ कोटी, नुसत्या कर्जाच्या हप्त्याव्याजात जाणारा. ऑगस्ट १७८८ मध्ये खजिन्याने रोख देणी थांबवली. त्याच उन्हाळ्यात, १३ जुलैला, गारपिटीने उभी पिके झोपवली होती.

आता कर वाढवायचा तर कोणावर? शेतकऱ्यावर टाय हा मुख्य कर होता, मिठावर गाबेल होता, चर्चचा दशांश होता, जमीनदाराची देणी होती, आणि सरकारी रस्त्यांवर फुकट राबण्याची वेठ होती. त्याच्या अंगावर आता चिंधीही उरली नव्हती. ज्यांच्याकडे होते ते उमराव आणि धर्मगुरू टायमधून मुक्त. राजाने फेब्रुवारी १७८७ मध्ये मान्यवरांची सभा बोलावून त्यांना सर्वांवर लागू होणारा भूमिकर सुचवला, तेव्हा त्यांनी नकार दिला. म्हणजे फ्रेंच राजेशाहीला पहिला धक्का उपाशी माणसाने दिला नाही, पोट भरलेल्या उमरावाने दिला. आपल्या सवलतीतला तुकडाही तो सोडीना. त्या हट्टापायी राजाला १६१४ नंतर न भरलेली एस्टेट्स जनरल बोलवावी लागली.

इथे एक गोष्ट आमच्या पुस्तकांत कधी येत नाही. राजाला पैसे दिले होते कोणी? त्यात परदेशी सावकार होते, उमरावही होते, पण पॅरिससारख्या शहरांतला पैसेवाला मध्यमवर्ग मोठ्या संख्येने होता. वकील, व्यापारी, पेन्शनीवर जगणारे. हे सगळे तिसऱ्या श्रेणीतले. म्हणजे राजाचा ऋणको-धनको संबंध थेट त्या श्रेणीशी होता जिला मान नव्हता. ज्याने कर्ज दिले त्याला हिशेब मागायचा होता, आणि हिशेब मागायला सभा हवी होती. १७ जून १७८९ रोजी तिसऱ्या श्रेणीने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी केलेल्या ठरावांत सरकारी कर्जाची हमी राष्ट्राच्या नावाने घेतली. भाकरीसाठी भांडणारा शेतकरी आणि व्याजासाठी घाबरलेला वकील एका नावाखाली आले. जानेवारी १७८९ मध्ये सिएस या पाद्र्याने तिसरी श्रेणी म्हणजे काय या नावाचे चोपडे लिहिले होते, त्याचा सगळा जोर या एका नावावर आहे.

ही एकी खोटी होती असे म्हणता येईल. तिसऱ्या श्रेणीच्या सहाशेच्या घरातल्या प्रतिनिधींत नांगरधरे जवळजवळ नव्हतेच. पुढे लगेच, त्याच वर्षी, कर भरण्याच्या ऐपतीवरून मताचा हक्क असलेले आणि नसलेले असे नागरिकांचे दोन भाग पाडले गेले. बायकांना मत दिले नाही. वसाहतींतली गुलामगिरी १७९४ पर्यंत टिकली. हे सगळे खरे. पण फूट लढ्यानंतर पडली. लढ्याच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, ती नव्हती, आणि म्हणून ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडल्याचे जाहीर करावे लागले. (आपल्याकडे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलने ४ ऑगस्टलाच, १९२३ साली मंजूर केला. महाड त्याच ठरावातून उभे राहिले. योगायोगाला अर्थ नसतो, पण तारीख वर्गात सांगण्यासारखी आहे.)

आता आपल्याकडे या. पेशवाई कर्जात नव्हती असे कोणी समजू नये. पहिला बाजीराव सदा मोहिमेवर आणि सदा कर्जात. त्याचा एक मोठा धनको ब्रह्मेंद्रस्वामी. याचा मुक्काम आधी आमच्या चिपळूणजवळच्या परशुरामला. १७२७ मध्ये सिद्दीने परशुरामचे देवस्थान लुटल्यावर तो साताऱ्याकडे धावडशीला गेला. बाजीरावाची या स्वामीला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत; त्यांत उत्तर हिंदुस्थान हलवणारा सेनापती धनकोंनी गांजलेल्या माणसाच्या सुरात बोलतो. थोरला माधवराव १७७२ मध्ये थेऊरला मेला, त्याआधी त्याने जी कलमे लिहवून घेतली त्यांतही सरकारचे कर्ज फेडण्याची आज्ञा आहे. शेवटच्या बाजीरावाने तर वसुलीचे हक्कच इजाऱ्याने देण्याची रीत बोकाळवली. जो जास्त बोली करील त्याला महाल. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीने रयत कशी पिळली गेली ते नोंदवले आहे. नेकेर-कालोनच्या काळातल्या फ्रान्सशी हे जुळवून पाहा. राजसत्तेचे कर्ज आहे, युद्ध त्याला कारण आहे, आणि भार खालच्यावर आहे.

पण धनको पाहा. पुण्यातला सावकार आणि पेशवा एकाच पंक्तीला बसणारे. ब्रह्मेंद्रस्वामी तर पेशव्याचा गुरू. व्याज मागणारा, आशीर्वाद देणारा आणि राज्य करणारा हे एकमेकांचे सोयरे नाहीतर यजमान. धनकोला हिशेब मागण्यासाठी सभेची गरज नव्हती. त्याला वाड्याचा दरवाजा उघडा होता. म्हणून राजाच्या कर्जाने फ्रान्समध्ये जे केले ते पुण्यात केले नाही. कर्जाचा ताण वरच्या वर वाटला गेला आणि त्याची वसुली खाली, थेट खाचरापर्यंत, पोचवण्यात आली. ती पोचवणारी यंत्रणा कोकणात तयारच होती.

ती म्हणजे खोती. खोत आदिलशाहीच्या काळापासूनचा. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा राहून गावचा वसूल मक्त्याने घेणारा तो माणूस. पेशवाईत ही पद्धत घट्ट झाली, आणि १८१८ नंतर इंग्रजांनाही ती सोयीची वाटली. १८८० चा खोती कायदा झाला तोही खोताचा हक्क मान्य करूनच. भाताच्या जमिनीत निम्मे पीक, वरकसात एकतृतीयांश. अर्धल आणि तिर्धल. शिवाय वेठ. आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबायचे, त्याला आठवेठ म्हणत. नांगर खोताचा आधी धरायचा. पालखी उचलायची. फ्रेंच शेतकऱ्याला रस्त्यावर राबवणाऱ्या कॉर्वेबद्दल आमची मुले पाठ करतात; आठवेठ हा शब्द मात्र त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतो, आणि त्यांचेच पणजोबा ती करून गेले आहेत.

खोत सगळे ब्राह्मण होते असे बोलण्याची आमच्याकडे सवय आहे. ती सोडली पाहिजे. चित्पावन खोत पुष्कळ, पण मराठा खोत होते, मुसलमान खोतही होते. लोकमान्य टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे खोत. शतक उलटण्याच्या सुमारास खोती कायद्यात कुळाच्या बाजूने दुरुस्तीची गोष्ट निघाली तेव्हा केसरीने खोतांचा पक्ष घेतला. स्वराज्य मागणारी लेखणी आठवेठीविषयी गप्प राहिली नाही, ती खोताकडून बोलली, हे आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमात टिळकांचे अग्रलेख शिकवताना सांगितले जात नाही. तो भाषाशैलीचा तास असतो म्हणे.

आता खरा मुद्दा. खोताच्या खाली कोण होते? कूळ होते, बहुतेक कुणबी, अलिबागकडे आगरी. आणि कुळाच्या खाली महार, चांभार. या दोघांचे दुःख एका ठिकाणाहून येत होते. तरी दोघे एक का झाले नाहीत? याचे उत्तर पुस्तकात नाही, मला ते आजीकडून मिळाले. तिच्या सासरचे गाव खोतीचे. ती सांगायची की खोताकडे वेठीला कुणब्याने जायचे, पण 'उद्या वेठीला या' हा निरोप घरोघर पोचवायचा महाराने. तिचा सासरा तो निरोप घेऊन पहाटे कुणबीवाडीत जायचा. अंगणाबाहेर उभा राहून हाक द्यायचा. खोत कुणब्याला दिसायचा वर्षातून चार-पाच वेळा. महाराची हाक ऐकू यायची दर आठवड्याला. वेठीचा राग कोणावर निघणार? आणि ज्या विहिरीवर तो कुणबी वेठ करून आल्यावर पाणी प्यायचा, त्या विहिरीवर या निरोप्याला चढू देणे त्याला स्वतःचा मान गमावण्यासारखे वाटे. खोताने त्याच्याकडून पीक घेतले, बैल घेतला, दिवस घेतला. पण ती विहीर त्याच्याकडे ठेवली. पायरीपायरीच्या विषमतेत खालच्यालाही राखायला काहीतरी दिलेले असते. फ्रान्सच्या शेतकऱ्याकडे असे राखण्यासारखे काही नव्हते. त्याच्या खाली जन्माने ठरलेला कोणी नव्हता.

म्हणून मला वाटते, सिएसने जे चोपडे लिहून साधले ते आमच्याकडे चोपड्याने साधणारे नव्हते. आमच्याकडे आधी तिसरी श्रेणीच तयार करावी लागणार होती. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. त्यांनी तरुणपणी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. ते पुस्तक फ्रेंच क्रांतीची बाजू मांडण्यासाठीच लिहिलेले, आणि पेन स्वतः पुढे १७९२ मध्ये फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत निवडून गेला होता. म्हणजे फ्रान्स आमच्याकडे पहिल्यांदा आला तो फुल्यांच्या हातून, पुण्याच्या सभागृहांतून नव्हे. पण फुल्यांनी पेन वाचून पेनची नक्कल केली नाही. शूद्र आणि अतिशूद्र हे दोन शब्द शेजारी ठेवून एकत्र उच्चारण्याचा हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला. तो हट्ट म्हणजेच तिसरी श्रेणी उभी करण्याचा उद्योग होता.

महाडच्या भाषणातले ते वाक्य या प्रकाशात पुन्हा वाचावे. बाबासाहेबांना फरक दिसत नव्हता असे मानणे हास्यास्पद होईल. वैश्य, शूद्र, अतिशूद्र अशी मोजणी त्यांनीच तिथे केली आहे. व्यासपीठावरून त्यांनी तो लहान केला, कारण समोरच्यांना त्यांना राष्ट्रीय सभेच्या उंचीवर नेऊन बसवायचे होते. परिषदेने हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा केला, तो मानवी हक्कांच्या फ्रेंच जाहीरनाम्याला समोर ठेवूनच. तो अस्पृश्यमात्राचा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. मंडपाला जागा दुसऱ्या कोणी दिली नाही तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. भाषणात लहान केलेला फरक कृतीत भरून काढण्याची धडपड तिथे उघड दिसते. आणि फ्रेंच सभेला रक्तपाताचा दोष देणाऱ्यांना त्यांनी जे बजावले तेही विसरता येत नाही : वरच्यांनी सभेशी दगा केला नसता, परक्यांची मदत आणली नसती, तर हिंसेची गरज पडली नसती, इथली क्रांती शांततेची होईल की नाही हे स्पृश्यांच्या वागण्यावर आहे.

पण ती सभा भरली त्या तळ्यावर कुणबी-मराठ्यांचे काय झाले होते? मार्च १९२७ मध्ये तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सभेहून परतणाऱ्यांवर लाठ्या चालवणारे सगळे भटजी नव्हते. ज्यांना सिएसच्या हिशेबात आम्ही आमचे सांगाती धरले असते त्यांतलेही होते. महाडला आमच्या तिसऱ्या श्रेणीनेच आमच्या तिसऱ्या श्रेणीला मारले. हा इतिहास बहुजन ऐक्याच्या भाषणांत टाळला जातो. मी तो टाळत नाही, कारण त्यानंतर जे घडले त्याचे मोल तो सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर घडले ते असे. १४ एप्रिल १९२९ रोजी बाबासाहेब चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अस्पृश्यांची नव्हे, शेतकऱ्यांची परिषद. महाडला दोनच वर्षे झाली होती. २७ ऑक्टोबर १९३३ पासून अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप पंचवीस गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षे, टिकला. खाचरे पडीक राहिली. माणसे लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून जगली. पण खोताच्या जमिनीला नांगर लावला नाही. संप मुख्यतः आगऱ्यांचा. त्याच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. फ्रान्सची टेनिस कोर्टावरची शपथ साऱ्या जगाला ठाऊक आहे, ती पाळण्यासाठी त्यांना दोन वर्षांहून थोडा अधिक काळ काढावा लागला. चरीची शपथ सहा पावसाळे पाळली गेली. तिच्यावर मराठीत किती कादंबऱ्या झाल्या? ग्रामीण साहित्याच्या इतिहासात तिला किती पाने आहेत? कोकणावर लिहिणाऱ्यांना माडांची, भुताखेतांची आणि गावातल्या इरसाल म्हाताऱ्यांची वर्णने पुरली. खोतही त्यांच्या लेखनात येतो तो गमतीदार म्हणून, तिरसट पण मनाचा मोठा म्हणून. ज्याच्या ओटीवर लेखक वाढतो त्याच्या अंगणाबाहेर उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, हे समजण्यासारखे आहे. समीक्षकांनाही तो दिसू नये, हे मात्र समजण्यासारखे नाही.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदाराचा दर्जा होता. १० जानेवारी १९३८ रोजी रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतले वीस हजारांच्या आसपास शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांच्या शिष्टमंडळाशी बोललेले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर जन्माने रत्नागिरीचेच. विधेयक मंजूर झाले नाही. तरी माझ्या दृष्टीने ५ मे १७८९ शी तुलना करायची तर ती या दिवसाशी करावी. त्या मोर्चात कुणबी होते, आगरी होते, महार होते. पाणवठ्यावर जे एकमेकांना शिवत नव्हते ते एका मागणीमागे चालले. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना विचारले होते की जात म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, ती तशीच ठेवून तुमचा कामगार क्रांतीला उठेल कसा? मुंबईच्या गिरण्यांत याचा पुरावा रोज दिसत होता. कोकणातून गेलेला महार तिथे कापसात राबे, पण विणखात्यात त्याला घेत नसत; कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. साच्याखालीसुद्धा पायऱ्या होत्या. म्हणजे महाडला जो फरक किरकोळ म्हणून बाजूला सारला, तोच नऊ वर्षांनी त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी आलेला दिसतो. मध्ये चिपळूण आणि चरी आहे.

याच काळात रत्नागिरी शहरात १९३१ साली पतितपावन मंदिर उघडले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच विचारतो की त्या गाभाऱ्यात सर्वांना प्रवेश मिळाला, तेव्हा जिल्ह्यातल्या खाचरांतला निम्मा भात कोणाच्या कणगीत जात होता?

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. फ्रान्समध्येही ४ ऑगस्टच्या रात्री सगळे गेले नव्हते. जमिनीवरची देणी पैसे भरून सोडवून घ्या असे शेतकऱ्याला सांगितले गेले, त्याने ते मानले नाही, आणि शेवटी १७ जुलै १७९३ ला ती विनामोबदला रद्द झाली. आमच्याकडे असा १७९३ उगवला नाही. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, ठरलेली किंमत हप्त्यांनी भरून कुळाने मालक व्हायचे. कुणब्याला जमीन मिळाली, सगळ्यांना नाही पण पुष्कळांना मिळाली, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण कायदा कुळाला ओळखत होता. जो कागदावर कूळ नाही, जो कुळाच्या बांधावर राबणारा, जो निरोप्या, त्याला कायदा ओळखत नव्हता. त्याला १९५८ चा वतने खालसा करणारा कायदा मिळाला. वेठीतून सुटका झाली, हातात तुकडाभर जमीन आली तर आली. बाकी मुंबईची मनिऑर्डर.

१९५४ साली आकाशवाणीवर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे. पण ते आपण फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे. महाडचे भाषण आणि हे निवेदन शेजारी ठेवले की काही अभ्यासक अडखळतात. काहींना ती विसंगती वाटते, काहींना १९५६ च्या धर्मांतराची नुसती पूर्वतयारी. मला तसे वाटत नाही. फ्रान्सला राजाचे दिवाळे मिळाले आणि त्या धक्क्यात एक श्रेणी आयती एकत्र सापडली. बंधुता तिथे शेवटी लिहिलेला शब्द आहे, आणि लढ्याच्या आधी ती निर्माण करण्याचे ओझे कोणावर पडले नाही. इथे बंधुता आधी लागत होती. ती कोणत्याही राजाच्या कर्जातून, कोणत्याही दुष्काळातून, आपोआप येणार नव्हती. कर्ज इथेही होते, भूकही होती, आणि दोन्ही शतकानुशतके मुकाट सोसली गेली होती. चरीच्या सहा वर्षांनंतरही विहिरीवरची पायरी हलली नव्हती. तेव्हा बाबासाहेबांनी तिसरा शब्द मनुष्याच्या मनात रुजवण्याचे साधन शोधले, आणि ते व्हर्सायला मिळण्यासारखे नव्हते. यावर मतभेद होऊ शकतो. धम्माच्या मार्गाने कुणबी आणि महार जवळ आले की दूर गेले, हा प्रश्न आमच्या चळवळीने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलेला नाही, आणि मीही तो इथे अर्धाच विचारतो आहे, हे मला कळते.

आता मी वर्गात फ्रान्सची कारणे शिकवण्याआधी मुलांना घरचा जुना सातबारा आणायला सांगतो. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचून घेतो. काहींच्या उताऱ्यावर खोताचे नाव निघते आणि मुले आपसांत बघतात. काहींच्या उताऱ्यावर कूळ म्हणून आजोबांचे नाव निघते. पहिल्या वर्षी चारजणांनी काहीच आणले नाही. विसरलात का, म्हणून विचारले, तर विसरले नव्हते. घरी उतारा नव्हता. प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या चौघांत होती.